घासलेले शिंपले

८ जुलै

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते ना? विहीणबाईंच्या गुडघ्यांना शेक चालू आहे का, की "मला कुठे काय झालंय" म्हणत दिवसातून दहादा जिना चढतायत? व्याह्यांचा खोकला गेला असेल असं धरून चालते. नसेल गेला तर सांग त्यांना, विहीण मुद्दाम विचारत होती, म्हणजे निदान लाजेखातर औषध घेतील. धाकटीचा तो किडका दात काढला का? आणि तुमची लंगडी मांजर अजून व्याह्यांच्याच खुर्चीत झोपते का? सगळ्यांचं वेगवेगळं लिही, "सर्व ठीक" असं एका ओळीत गुंडाळू नकोस.

इकडे मी ठणठणीत. तुझा नवराही तसा ठणठणीत, फक्त जेवायला बसला की ताटाने आपला अपमान केल्यासारखा त्याच्याकडे बघत बसतो. तो तुला लिहिणार नाही. त्याच्या वडिलांचंही असंच होतं, चूक कळली की आवाज बसायचा. म्हणून मी लिहिते आहे. त्याला विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी बहिणीकडे होते, त्यामुळे मला जे चार तोंडांनी कळलं तेच मांडते. चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू शेडमध्ये गेलीस. टाक्यांतल्या शिंपल्यांच्या माळा वर काढल्यास. शिंपल्या-शिंपल्याच्या आत काळपट तांबडे डाग. तुला वाटलं असेल, बाई एवढी टापटिपीची आणि हिच्या शिंपल्यांना हे काय लागलंय! तू कपड्यांचा ब्रश घेतलास आणि नळाखाली बसून मागच्या दोन्ही टाक्यांतला एक एक शिंपला घासलास. मग माळा भिंतीवर उन्हात टांगल्यास. मी परत आले की मला बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळी तुझा नवरा आला. भिंतीवर ते पांढरेशुभ्र शिंपले बघून आधी स्वतःच पांढरा पडला आणि मग हसत सुटला. त्याला घाबरला की हसू येतं. लहानपणी पायात खिळा घुसला तेव्हाही तो हसतच घरी आला होता, मागे रक्ताचे ठसे. पण हे तुला कोणी सांगितलंय? हसण्याचा आवाज ऐकून किनाऱ्यावरची माणसं जमली. आपला जाळीवाला म्हणाला, "वहिनी, चहाने माझे दात पार काळे झालेत, तेवढे घासून द्या की!" त्यावर सगळे हसले आणि तुझा नवरा परत हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस.

शिंपले वाया गेले याचं तुला एवढं लागलं नसतं. तो त्यांच्यात उभा राहून हसला, त्याचं लागलं. बरोबर ना?

आता जे आम्ही तुला आधी सांगायला हवं होतं ते सांगते. तू लग्न होऊन आलीस तेव्हा हंगाम संपत आला होता. जाळ्यांवर शेवटची पानं होती, तेवढीच तू पाहिलीस. तांबूस, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. ते तांबडं खायचं शेवाळ म्हणजे आपलं पीक, हे तुला ठाऊक. पण ते उन्हाळ्यात कुठे जातं, हे तू विचारलं नाहीस आणि आम्हालाही सुचलं नाही. आपल्याला जे रोज दिसतं ते दुसऱ्यालाही दिसतंच असं माणूस समजून चालतो.

तर ऐक. त्या पानातच नर असतो आणि मादीही असते. कडेचा फिकट पट्टा नराचा, गडद ठिपके मादीचे. नराचे कण सुटतात, पण त्यांना शेपूट नसतं. हिरव्या शेवाळाचे कण कसे शेपटी हलवत पोहत जातात, तसं या बापड्यांना जमत नाही. पाणी नेईल तिकडे जायचं आणि नशिबात असेल तर मादीला चिकटायचं. तरी पोचतात. मग मादीच्या ठिपक्यांतून बी सुटतं. पुस्तकात त्याला बीजाणू म्हणतात, आपण बी म्हणतो. ते तळाशी जाऊन शिंपल्यावर बसतं, आणि नुसतं बसत नाही, शिंपल्याच्या अंगात शिरतं. तिथे बारीक धागा होऊन सगळा उन्हाळा पसरत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, डाग. पाणी गार झालं की त्याच डागातून दुसरं बी सुटतं, ते जाळीला चिकटतं, आणि त्याचं पुन्हा पान.

म्हणजे पान आणि डाग एकच. दिसायला मात्र कोणी कोणाचं नाही. पूर्वी शिकल्यासवरलेल्या लोकांनीसुद्धा या दोघांना दोन वेगळ्या वनस्पती समजून दोन वेगळी नावं दिली होती, आणि बरीच वर्षं त्यात कोणाला काही खटकलं नाही. त्यांच्या हातात ब्रश नव्हता एवढंच.

तुझ्या नवऱ्याने माळा फेकायला काढल्या होत्या. मी फेकू दिल्या नाहीत, पुन्हा खाऱ्या पाण्यात सोडल्या. ब्रश वरवर फिरतो गं, धागा आत असतो. गोड्या पाण्याने आणि उन्हाने त्याला त्रास झाला असणार, पण मी हे शेवाळ सांभाळत म्हातारी झाले, ते चिवट आहे हे मला पुरतं माहीत आहे.

एक लक्षात ठेव. सप्टेंबर सरता सरता बी सुटेल. तेव्हा रोज सकाळी टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. बी दिसलं की त्याच दिवशी जाळ्या चाकावर चढवून टाकीत फिरवायच्या. ती सकाळ हुकली की बी टाकीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि जाळ्या रिकाम्या समुद्रात जातात, म्हणजे वर्ष गेलं. तेव्हा आपल्या एकडोळ्यावर तूच बसणार आहेस, हे मी ठरवून टाकलंय. मायक्रोस्कोपला हे नाव तूच दिलंस, आणि शेवटच्या पानाचा एक कण पहिल्यांदा त्यातून बघितल्याबरोबर ओरडलीस, "आई, याच्या पोटात चांदणी आहे!" मी इतकी वर्षं पानाच्या कणातही आणि बीतही तेच बघत आले, रंगाचा ठिपका म्हणून सोडून देत आले. तू म्हणालीस आणि मग मलाही दिसली. पाच टोकांची, मधोमध.

उत्तर पाठव. रागाने लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी आई (सासरची)


३ ऑगस्ट

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंचं कार्ड आलं. "पत्र मिळाले. मुलगी सुखरूप आहे. गुडघे बरे." एवढंच. तुमच्याकडे शाई जपून वापरतात वाटतं. जाळीवाल्याने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा मी कुठेतरी ठेवला आणि तो नेमका तेव्हाच सापडेना. "अक्षर काय सुरेख आहे हो," असं दोनदा म्हणाला. तेव्हा पुढचं पत्र तू स्वतः लिही, नाहीतर तो तुझ्या आईच्याच अक्षराच्या प्रेमात पडायचा.

आता ऐक, नीट बसून ऐक. लाली आली!

परवा माळ वर काढली आणि दारात उजेडात धरली. पांढऱ्यावर गुलाबी धुरळा बसल्यासारखं. आधी मला वाटलं, आपल्याला हवंय म्हणून दिसतंय. जाळीवाल्याला बोलावलं. म्हणाला, "काकू, गुलाबीच आहे." तुझ्या नवऱ्याला बोलावलं. तो माळ फिरवून फिरवून बघत राहिला, मग म्हणाला, "हो." दोन साक्षीदार झाले म्हणून लिहिते.

खोटं सांगणार नाही, सगळे नाही आले. भिंतीवर वरच्या खुंट्यांना ज्या माळा होत्या, त्यांना ऊन जास्त लागलं. त्या पांढऱ्याच राहिल्यात, त्यांची आशा मी सोडली. खालच्या, सावलीकडच्या, बऱ्याचशा परतल्या. शिवाय तू हात न लावलेली पुढची टाकी आहेच. म्हणजे पीक कमी येईल पण येईल. तुझ्याने बुडालं, असं कोणी म्हणू शकणार नाही. कोणी म्हटलंच तर मी इथे आहे.

एकच अडचण झाली आहे. एकडोळ्या बिघडलाय. काच धुरकट झाली आहे. गेले काही दिवस मी त्यात बघते तर दुधात बघितल्यासारखं. मऊ फडक्याने पुसली. मग स्पिरिट लावून पुसली. मग भिंग काढून दोन्ही बाजूंनी घासलं. काही फरक नाही. इथली दमट हवा आतवर गेली असणार. बाजारातल्या चष्मेवाल्याकडे नेऊन दाखवते, तो असली कामं करतो.

अक्षर मोठं आलंय याचा विचार करू नकोस. नवीन पेन आहे, जाड टोकाचं. ओळी खाली उतरत असतील तर टेबल तिरकं आहे.

तुझा नवरा हल्ली शेडमध्ये झोपतो. म्हणतो, पाण्याच्या पंपावर लक्ष ठेवायला. पंप इतकी वर्षं रात्री कोणी न बघता चालतोय. मी उशी नेऊन दिली. तुझी.

आता तरी दोन ओळी पाठव. कार्ड नको, पाकीट पाठव.

तुझी आई


३० ऑगस्ट

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्याकडून काही नाही. असू दे. पाणी अजून कोमट आहे, घाई नाही.

एकडोळ्याचं सांगते. मी त्याला दुपट्यात गुंडाळून चष्मेवाल्याकडे घेऊन गेले, तान्ह्या मुलाला डॉक्टरकडे न्यावं तशी. त्याने भिंग काढलं, उजेडात धरलं, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मग ते खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, "काय रे, फुटलंय का?"

"आजी," तो म्हणाला, "काच लख्ख आहे. इतकी स्वच्छ काच माझ्या दुकानात नाही. जरा इकडे खिडकीकडे तोंड करा बघू."

मी केलं. तो म्हणाला, "पडदा काचेवर नाही, तुमच्या डोळ्यांवर आहे. दोन्ही. डॉक्टरांकडे जा."

पैसे घेतले नाहीत. मी मायक्रोस्कोप पुन्हा दुपट्यात गुंडाळला आणि घरापर्यंत चालत आले. वाटेत काय वाटलं ते लिहीत नाही. घराच्या फाटकाशी आले तोवर मात्र मला हसू यायला लागलं होतं. महिनाभर, सूनबाई, महिनाभर मी स्वच्छ काच घासत होते!

आणि मग माझ्या डोक्यात एक गोष्ट आली.

चहाच्या वेळी सगळे शेडबाहेरच्या बाकावर बसले होते. जाळीवाला, पंपवाला, होडीवाले दोघे, तुझा नवरा. मी म्हटलं, "ऐका रे, एक गंमत सांगते." आणि सगळं सांगितलं, फडकं, स्पिरिट, चष्मेवाल्याचा चेहरा, सगळं. थोडं मीठमसालाही लावला. म्हटलं, घासून घासून काच इतकी झिजवली की आता त्यातून शेजारच्या गावातलं दिसतं.

कोणी हसेना. कप तोंडाशी धरून बसले. म्हातारीच्या डोळ्यांवर हसायचं कसं? मग मीच हसले. तेव्हा जाळीवाल्याला राहवलं नाही, त्याच्या नाकातून चहा आला. म्हणाला, "काकू, म्हणजे तुमच्या घरात घासायची साथच आली म्हणायची!"

मी म्हटलं, "माझ्या सुनेला डाग दिसला म्हणून तिने घासला. मी डाग नसताना घासत होते. तेव्हा हसायचंच असेल तर कोणावर हसायचं, ते नीट बघून ठरवा."

त्या दिवसापासून मी किनाऱ्यावर गेले की पहिला प्रश्न, "काय काकू, आज काय घासलं?" होडीवाल्यांनी तर होडीच पुढे केली. तुझ्या शिंपल्यांचं नाव कोणी काढत नाही. जुनं झालं ते. तुझी जागा आता माझी आहे आणि मला ती फार आवडली आहे. परत मागू नकोस.

तुझा नवरा हसला नाही. कप खाली ठेवून उठून गेला. मी मागून गेले तर मागच्या एका टाकीत गुडघाभर पाण्यात उभा. हातात तुझी घासलेली माळ. आता ती चांगली गडद झाली आहे, पिकलेल्या जांभळासारखी. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस? मी रुसून गेले होते का?"

"ती ऐकेल का?"

"ते मला काय विचारतोस? सांगून बघ."

मग म्हणाला, "आई, तुला खरंच दिसत नाही?" मी म्हटलं, "तू मला दिसतोस. तुझी दाढी वाढलीये तीही दिसते. बी दिसत नाही."

तर असं आहे. डॉक्टर म्हणाले, एक एक करून दोन्ही डोळे होतील, काळजीचं काही नाही. मी म्हटलं, आधी बी सुटू दे, मग काय कापायचं ते कापा. ते म्हणाले, कशाचं बी? त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, बाहेरची रांग खोळंबली. शेवटी म्हणाले, "आजी, हे सगळं डोळे मिटूनही तुम्हाला दिसतंय, मग घाई कशाला!" चांगला माणूस आहे.

पण डोळे मिटून थेंब बघता येत नाही. आज तुला सरळ विचारते, आडून नाही. मला तुझे डोळे हवे आहेत. पाणी गार होईल तेव्हा त्या थेंबात बी आहे की नाही, हे सांगणारं आपल्या घरात आता तुझ्याशिवाय कोणी नाही. तुझ्या नवऱ्यासाठी यायचं नसेल तर एकडोळ्यासाठी ये. नवऱ्याशी बोलायचं की नाही ते मग तू बघ. मी मध्ये पडणार नाही, फक्त दाराआडून ऐकेन.

मांजरीचं काय झालं ते तू अजूनही लिहिलेलं नाहीस.

वाट बघते,
तुझी आई


२१ सप्टेंबर

चि. सूनबाईस अनेक अनेक आशीर्वाद.

पाकीट आलं! जाळीवाला वाचायला धावला, मी त्याला दिलं नाही. दारात उन्हात उभी राहिले, कागद नाकाशी धरला आणि एक एक अक्षर करून वाचलं. चार ओळी वाचायला भाजी करपेपर्यंत वेळ लागला, पण माझं मी वाचलं.

ना रुसवा, ना रडणं, ना नवऱ्याची चौकशी. सरळ प्रश्न. पारा कितीवर आला? काळे पडदे किती वाजता ओढता? थेंब वरच्या पाण्यातला घेता की माळेजवळचा? आणि शेवटी, "चांदणी अजून कोणाला दिसली का?"

अगं, एवढं वाचून मी त्या दारातच खाली बसले.

उत्तरं घे. पारा उतरायला लागला आहे, सकाळी पाण्यात हात घातला की आता अंगावर काटा येतो. पडदे दुपारी चहा झाला की लगेच ओढतो, म्हणजे आतल्यांना वाटतं दिवस लहान झाला, हिवाळा आला, निघायला हवं. थेंब माळेजवळचा घ्यायचा, सकाळी, उजेड आत गेल्यावर थोड्या वेळाने. शिंपले मखमलीसारखे झालेत. आपल्या पुढच्या टाकीतले, आणि उन्हाने गेले ते सोडले तर तुझ्या मागच्या दोन्ही टाक्यांतलेही. कोणती घासलेली आणि कोणती नाही, हे आता मला तरी ओळखता येत नाही. माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस, जाळीवाल्यालाही येत नाही.

आणि चांदणी? तुझ्या नवऱ्याने परवापासून बसायला सुरुवात केली आहे. एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटतो. काल सकाळी ओरडत आला, "आई, दिसलं! भरपूर बी! चला, जाळ्या काढा!" सगळे धावले, चाक फिरायला लागलं, ओल्या जाळ्या खांद्यावर. मी म्हटलं, थांबा. त्याला विचारलं, "पोटात चांदणी आहे का?" म्हणाला, "नाही, पण गोल आहे, आणि काठ काळा आहे, आणि चमकतंय."

बुडबुडे मोजत होता तो!

जाळीवाला म्हणाला, "आता हा काय घासणार, काही उरलंच नाही!" आणि यावेळी तुझा नवरा हसला. पण कसा, ते लिहिते. स्वतःवर हसला, आणि हसता हसता दाराकडे बघितलं, कोणीतरी तिथे उभं असायला हवं होतं तसं.

बी आज-उद्या नाही सुटणार, पण पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या सकाळी नक्की सुटेल. आजवर मला पाण्याने फसवलेलं नाही. तू येणार हेही मला माहीत आहे. ज्याला यायचं नसतं तो पारा विचारत नाही.

या कागदाच्या खालच्या टोकाला तुझ्या नवऱ्याने काहीतरी लिहिलं आहे. मी पेन त्याच्या हातात दिलं आणि पाठ करून उभी राहिले. बराच वेळ लागला त्याला. अक्षर इतकं बारीक काढलंय की मला एक मुंगीही ओळखता येत नाही. मुद्दाम काढलंय लबाडाने, मला कळतं. मी विचारलं, "काय लिहिलंस?" तर म्हणाला, "तुझ्यासाठी नाही." जाळीवाल्याला मी ते वाचू देणार नाही, तो लगेच अक्षराला नावं ठेवेल. तेव्हा ते तू वाच, आणि आल्यावर त्यातलं एक अक्षरही मला सांगू नकोस. कितीही विचारलं तरी.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग, व्याह्यांना खोकू नका म्हणावं, धाकटीला दाताबद्दल शाबासकी. मांजर पोटुशी आहे हे चौथ्या ओळीत कोंबलंस ते बरं केलंस. पिल्लं झाली की एक इकडे आण. शेडमध्ये उंदीर झालेत, आणि तुझ्या नवऱ्याची तिथली झोपायची जागाही आता रिकामी होईलच.

कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीने येतेस ते लगेच कळव. एकच ओळ लिही, पण मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे माझी मला वाचता येईल.

तुझी आई